1995 च्या माझदा एमएक्स-5 चे पुढचे बुश आणि बॉल जॉइंट घरी बदलता येतील का?

हो, येतील. (चाक धरून ठेवणाऱ्या लोखंडी दांड्याला आर्म म्हणतात; बुश म्हणजे आर्मच्या आतल्या टोकाची रबरी खोळ, आणि बॉल जॉइंट म्हणजे आर्म आणि चाकाकडचा भाग जोडणारा गोल सांधा.) तुमची गाडी इंग्लंडमध्ये आहे, एमओटीत (गाडीच्या वार्षिक तपासणीत) डाव्या बाजूच्या खालच्या बॉल जॉइंटला प्ले (ढिलेपणा) निघालाय आणि ताशी साठ मैलांच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, असं तुम्ही लिहिलंय. माझ्याकडे 1994 ची आहे आणि तिचं पुढचं सगळं काम मी घरासमोरच केलंय.

थरथर बॉल जॉइंटमुळेच आहे असं धरून चालू नका. गाडी जेमतेम हजार किलोची, चाकाचं बॅलन्सिंग जरासं चुकलं तरी लगेच हाताला कळतं. आधी तेवढं करून घ्या. मग पुढची बाजू उचलून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर अजिबात नको) आणि चाक वर-खाली धरून हलवा. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. आडवं धरून हललं तर टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाकाकडे येणारा दांडा) बघा.

खालचा बॉल जॉइंट आर्मला बोल्टने बसवलेला असतो, तो सुटा मिळतो. वरचा मात्र आर्मसकटच येतो. नकलमधून (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) बॉल जॉइंटची पिन सोडवताना काट्यासारखी पाचर ठोकू नका, रबरी बूट फाटतो. नट चार आटे ढिला करून तसाच ठेवा आणि नकलच्या डोळ्यावर (पिन बसते त्या भोकाच्या कडेवर) बाजूने हातोड्याचे दोन-तीन जोरदार ठोके द्या. टक् असा आवाज येतो आणि पिन सुटते.

खरी परीक्षा खालच्या आर्मच्या आतल्या बोल्टची. एका बाजूला दोन, असे चार. त्यांच्यावर भोक मध्यापासून एका बाजूला सरकलेल्या चकत्या असतात आणि कॅम्बर-कॅस्टर (चाकाच्या बसण्याचे कोन) त्यांनीच जुळवतात. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं आणि तीस वर्षांत हा बोल्ट बुशच्या लोखंडी नळीत गंजून एकजीव होतो. नट सहज निघतो, पण बोल्टचं डोकं फिरवलं की सोबत रबर पिळलं जातं आणि पाना सोडला की सगळं परत जागेवर येतं. तसं झालं तर दिवसभर झटापट करू नका. चकत्यांच्या जागा खुणा करून ठेवा, करवतीने सबफ्रेम (आर्म जिला जोडलेले असतात ती चौकट) आणि बुश यांच्यामधून बोल्ट कापा आणि नवीन घ्या. बोल्ट आधीच मागवून ठेवलेत तर गाडी आठवडाभर घोड्यांवर अडकणार नाही. नवीन बसवताना अँटी-सीझ (गंजून चिकटू न देणारं ग्रीस) लावा.

पुढचे बुश एकूण आठ. प्रेस (बुश दाबून काढण्या-बसवण्याचं यंत्र) नसेल तर ते काम वर्कशॉपमधून करून घ्या, आर्म सुटे नेले की झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आर्मचे बोल्ट चाकं लोंबकळत असताना शेवटचे आवळू नका. पहिल्यांदा मी तेच केलं होतं. गाडी पुढून उंच दिसायला लागली, आणि काही महिन्यांत नव्या बुशांचं रबर कडेने फाटलं. या बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी पक्की होते, आर्म हलतो तो फक्त रबर पिळून. लोंबकळताना आवळलं तर गाडी नुसती उभी असतानाही रबर पिळलेलंच राहतं. म्हणून बोल्ट हाताने लावा, चाकांखाली जाड फळ्या देऊन गाडी त्यांवर उतरवा, दोनदा दाबून बसू द्या आणि मग टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराइतकं आवळणारा पाना) आवळा.

पॉलीयुरेथेनच्या बुशमध्ये आतली नळी फिरते, त्यामुळे हा प्रश्न येत नाही, पण ग्रीस कमी पडलं की कुरकुर सुरू होते. रस्त्यावर चालवायच्या गाडीत मी रबरच घालेन.

खुणा कितीही नीट केल्या तरी त्याच आठवड्यात चार चाकांचं अलाइनमेंट करून घ्या. तोपर्यंत लांब जाऊ नका, टायर आतून खाल्ले जातात.