वडिलांना अल्झायमर आहे, डोनेपेझिल चालू आहे. मेमरीचं सप्लिमेंट सुरू करण्याआधी मेडिकलवाल्याला विचारून काही उपयोग असतो का, की तो फक्त विकतो?

उपयोग असतो, पण तुम्ही काय विचारता त्यावर. ‘मेमरीसाठी चांगलं काय आहे?’ असं विचारलंत तर समोरचा मुलगा मागच्या कपाटातून एक बाटली काढून ठेवेल. त्याऐवजी चालू गोळ्यांची नावं घेऊन विचारा, उदाहरणार्थ: ‘डोनेपेझिल 10 मिलिग्रॅम, मेटोप्रोलॉल (रक्तदाबाची गोळी) आणि ॲस्पिरिन चालू आहे, त्यात हे चालेल का?’ आणि विचारायचं ते फार्मासिस्टला. दुकानात उभा असलेला प्रत्येक जण फार्मासिस्ट नसतो, त्यामुळे ‘फार्मासिस्ट कोण आहे?’ हे आधी विचारायला संकोच नको.

मी फार्मासिस्टच आहे. ‘गोळ्या विकणाऱ्याला काय कळतंय’ हे ऐकून कान किटले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काउंटरवर हमखास येणारं प्रकरण ह्युपरझिन-ए चं. मेमरीच्या बऱ्याच मिश्र कॅप्सूलमध्ये हे असतं. लेबलवर मात्र ‘वनस्पतीजन्य’ हा शब्द ठळक आणि ह्युपरझिन मागच्या बाजूला बारीक अक्षरात, मायक्रोग्रॅममध्ये. आकडा लहान दिसतो म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण मेंदूत स्मरणशक्तीला लागणारं ॲसिटिलकोलीन हे रसायन मोडणारं ॲसिटिलकोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम ह्युपरझिन अडवतं आणि डोनेपेझिलही नेमकं तेच करतं. दोन्ही देणं म्हणजे न सांगता डोस वाढवणं. त्याने नाडी मंदावू शकते, आणि त्यात मेटोप्रोलॉल असेल तर आणखी मंदावते.

मग काय होतं? आधी मळमळ, जुलाब, भूक जाणं. नंतर उठताना चक्कर, एखाद दिवशी बाथरूममध्ये पडणं. घरच्यांना वाटतं आजार वाढला. ‘एक दिवस डोनेपेझिल चुकवून कॅप्सूल देतो’ ही युक्तीही चालत नाही, कारण डोनेपेझिलचं रक्तातलं प्रमाण अर्ध्यावर यायलाच जवळपास तीन दिवस लागतात. दरम्यान लघवीवरचा ताबा सुटला तर कुणीतरी ऑक्सिब्युटिनिन लिहून देतं. ते ॲसिटिलकोलीनच्या विरुद्ध काम करतं, म्हणजे डोनेपेझिलने जे मिळवलं ते पुसायला घेतं आणि गोंधळलेपणा वाढवतं. आता रुग्णाच्या गोळ्यांच्या डब्यात तीन गोष्टी एकमेकींशी भांडतायत आणि सुरुवात ज्या कॅप्सूलपासून झाली ती कुठल्याच कागदावर नाही. डॉक्टरांनी ‘कोणती औषधं चालू आहेत?’ विचारलं तेव्हा रुग्णाच्या मुलाने ती सांगितलीच नव्हती, कारण त्याच्या हिशेबात ते औषध नाहीच.

माझा आक्षेप आमच्याच धंद्यातल्या लोकांवर आहे. ‘सप्लिमेंटला प्रिस्क्रिप्शन लागत नाही, मग चौकशी कशाला?’ हा युक्तिवाद मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि तो उफराटा आहे. प्रिस्क्रिप्शन नाही म्हणजे आपल्याआधी ते कुणी तपासलेलंच नाही. बाटली पिशवीत टाकण्याआधी चार प्रश्न दोन मिनिटांत होतात: कुणासाठी आहे, रोजच्या गोळ्या कोणत्या, रक्त पातळ करणारं काही चालू आहे का, आणि गोळ्यांचा डबा कोण भरतं. डिमेन्शियात चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. रुग्ण स्वतः घेत असेल तर घेतलेली गोळी विसरून पुन्हा घेतो, आणि चघळायच्या रंगीत गमी समोर राहिल्या तर अख्खी बाटली संपू शकते. व्हिटॅमिन डीची 60,000 युनिटची आठवड्याची गोळी रोज घेतली गेली की काही आठवड्यांत रक्तातलं कॅल्शियम चढू शकतं. मग बद्धकोष्ठता, सारखी तहान, सारखी लघवी आणि गोंधळलेपणा. हा गोंधळलेपणाही आजाराच्याच खात्यावर जमा होतो.

गिंको या झाडाच्या पानांचा अर्क मेमरीसाठी विकला जातो, त्याबद्दल लोक हटकून विचारतात. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीत 75 आणि त्यापुढच्या वयाच्या 3,069 जणांपैकी निम्म्यांना 120 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा गिंको दिलं, बाकीच्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. डिमेन्शिया टळला नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना रक्तस्रावाची जोखीम घेऊन ते द्यावं असं त्यात मला काही दिसत नाही. नैराश्यासाठी घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती तर सरळ नकोच. ती वॉरफरिन आणि हृदयाचं औषध डिगॉक्सिन यांचा परिणाम कमी करते आणि सर्ट्रालिनसारख्या नैराश्याच्या गोळ्यांसोबत मेंदूतलं सिरोटोनिन हे रसायन धोकादायक पातळीला नेऊ शकते.

आता सगळीच सप्लिमेंट्स टाकाऊ आहेत असं नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी 12 कमी पडू शकतं. ते रक्त तपासून द्यावं, आणि तपासायच्या आधी फॉलिक ॲसिड सुरू करू नये, कारण त्याने ॲनिमिया झाकला जातो आणि नसांचं नुकसान चालूच राहतं. व्हिटॅमिन ई 2,000 युनिट रोज दिल्यावर सौम्य ते मध्यम अल्झायमरमध्ये रोजच्या कामांतली घसरण थोडी मंदावल्याचं 2014 च्या एका चाचणीत दिसलं होतं, पण तो डोस मोठा आहे, वॉरफरिनवाल्यांसाठी नाही आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नाही. कॅल्शियम किंवा लोह थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवावं.

वडिलांसाठी एवढं करा: घरातल्या सगळ्या बाटल्या, चूर्णं, सरबताच्या पुड्या, झोपेच्या गोळ्या एका पिशवीत भरून आणा. यादी नको, बाटल्याच हव्यात, कारण घटक मागच्या लेबलवर असतात. झोपेच्या गोळीत डायफेनहायड्रामिन निघालं तर तीही बाजूला काढावी लागेल, कारण तेही ऑक्सिब्युटिनिनसारखं ॲसिटिलकोलीनच्या विरुद्ध काम करतं. नाडी मिनिटाला 50 च्या खाली असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर मात्र आमच्याकडे येऊ नका, थेट दवाखान्यात जा आणि पिशवी सोबत न्या.