वादळानंतरची झाडं: वीस फुटांचा ठराव टिकेल का?

३ जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ मधलं तौक्ते, या दोन वादळांनंतर कोकण किनाऱ्यावरच्या बंगला सोसायट्यांत झाडांच्या उंचीवरून वाद वाढले आहेत. त्यातले वारंवार येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : वादळात दोन झाडं छपरांवर पडली. आता कमिटीने ठराव आणलाय की आवारातलं कुठलंही झाड वीस फुटांवर ठेवायचं नाही, शेंडे सरसकट उडवायचे. हे योग्य आहे का?

नाही. शेंडा उडवल्याने झाड जास्त धोकादायक होतं. आंब्याची किंवा करंजाची जाड फांदी मध्येच आडवी कापली की कापाखालून धुमाऱ्यांचा झुपका फुटतो. हे धुमारे जुन्या लाकडातून आलेले नसतात, सालीलगत वरवर चिकटलेले असतात. झाड काही पावसाळ्यांत पूर्वीच्या उंचीला येतं, पण दरम्यान कापलेला बुडखा वरून कुजत गेलेला असतो. पुढच्या वादळात तेच धुमारे सांध्यापासून फाटून खाली येतात. म्हणजे खर्चही झाला आणि धोका वर टांगून ठेवला.

वारा कमी अडावा असं वाटत असेल तर लांब फांदी मागे घ्या, पण ती जिथे उपफांदी फुटली आहे तिथपर्यंतच. त्या उपफांदीची जाडी कापलेल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश हवी, नाहीतर पुन्हा धुमारेच येतात. एका वर्षात जिवंत पालवीच्या पावहिश्शाहून जास्त काढू नका. जाड फांदीला तीन काप द्यायचे. पहिला खालून, खोडापासून फूटभर अंतरावर, पाव जाडीपर्यंत. दुसरा वरून, त्याच्या थोडा पुढे. इथे फांदी तुटून पडते आणि साल खोडापर्यंत सोलली जात नाही. उरलेला खुंट खोडाशी जी फुगीर कड दिसते तिच्या बाहेरून काढायचा. ही कड कापली तर जखम भरत नाही. जखमेला डांबर फासायची सवय सोडा. आंब्याला लावायचंच असेल तर १० टक्के बोर्डो पेस्ट लावा : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी.

आता ठरावाचं. सर्वसाधारण सभा कायद्याच्या वर नाही. नगरपालिका हद्दीत १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) वृक्ष संरक्षण व जतन कायदा लागू होतो आणि त्यात झाडाला इजा करणंसुद्धा 'तोडणं' धरलं जातं. वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय केलेली सरसकट छाटणी अंगाशी येऊ शकते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे, हेही बघा. ग्रामपंचायत हद्दीत १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे. आंबा, फणस, जांभूळ, साग, खैर, ऐन, किंजळ ही झाडं त्याच्या अनुसूचीत येतात.

ठरावात उंचीऐवजी लक्षणं लिहा. बुंध्याजवळ एका बाजूने माती उचललेली किंवा अर्धगोल भेग, वादळानंतर नव्याने आलेला कल, बुडाशी अळंबी, दोन खोडांच्या चिमटीत अडकलेली साल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गडग्याचा पाया किंवा पेव्हर ब्लॉकसाठी खणताना एका बाजूची मुळं तोडलेली झाडं. वरून हिरवंगार दिसणारं झाड उभंच्या उभं आडवं होतं, तेव्हा बहुतेकदा हेच कारण निघतं. अशा प्रत्येक झाडाचा फोटो, तारीख आणि प्लॉट क्रमांक टाकून यादी करा. वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करताना तीच कामाला येते.

प्रश्न : एकाच सुरूची उंची आम्ही १२ मीटर मोजली, शेजाऱ्यांनी १३.४. खरं कोण?

बहुधा शेजारी. मोबाइलच्या कोनमापकाने मोजताना लोक डोळ्यापासून वरची उंची काढतात आणि खालची विसरतात. समजा झाडापासून २० मीटरवर उभे आहात आणि शेंड्याचा कोन ३१ अंश आला. ३१ अंशाचा टॅन ०.६०, म्हणजे डोळ्याच्या रेषेपासून वर १२ मीटर. आता बुंध्याकडे खाली बघा : ४ अंश, टॅन ०.०७, म्हणजे आणखी १.४ मीटर. बेरीज १३.४. तुमच्या दोघांतला फरक नेमका एवढाच आहे.

अंतर जमिनीच्या उतारावरून नव्हे, आडवं सरळ मोजायचं. झाड तुमच्याकडे कललेलं असेल तर उंची जास्त भासते, म्हणून कलाला काटकोनात उभं राहा. पसरट आंब्याच्या बाबतीत अलीकडची फांदी शेंडा समजून पकडली जाते. त्यावर उपाय म्हणजे झाडाच्या उंचीइतकं तरी लांब जाणं. दोघांनी मिळून, एकाच जागेवरून मोजा आणि बुंध्याचा शून्य बिंदू आधी ठरवा. जोत्यापासून मोजायचं की जमिनीपासून, यावरच अर्धी भांडणं होतात.

प्रश्न : शेजारच्या माडाचा शेंडा कापून उंची कमी करता येईल का? वादळात पडलेले दोन माड अजून आवारात आहेत, ते घाईने हलवायला हवेत का?

माडाला वाढीचा कोंब एकच असतो, शेंड्यात. तो कापला की माड मेला. माडाची उंची कमी करता येत नाही, एवढंच उत्तर. धोका कमी करायचा तर वाळक्या झावळ्या आणि तयार नारळ पावसाळ्याआधी उतरवा, रस्त्याच्या बाजूला शेंड्याखाली जाळी बांधा. आडव्या रेषेच्या वरच्या हिरव्या झावळ्यांना हात लावू नका. त्या छाटून झाड 'हलकं' करणं ही चुकीची समजूत आहे. कोंब उघडा पडतो आणि वाऱ्याचा मार थेट त्याच्यावर बसतो.

पडलेल्या माडांचं मात्र लवकर बघा. खोड कुजायला लागलं की गेंड्या भुंगा त्यात अंडी घालतो आणि तयार झालेले भुंगे उभ्या माडांच्या कोंबात शिरतात. पुढे त्या जखमांच्या वासावर लाल सोंड्या भुंगा येतो, आणि तो आत घुसला की माड वाचवणं कठीण. खोडाचे तुकडे करून उभे चिरा, म्हणजे लवकर वाळतात, किंवा उचलून न्या. ओल्या पालापाचोळ्याखाली झाकून ठेवणं सगळ्यात वाईट. उभ्या माडांत नवं पान पिवळं पडून ओढल्यावर सहज हातात आलं आणि कुजका वास आला, तर ती कोंबकूज. सडलेला भाग खरवडून काढा, १० टक्के बोर्डो पेस्ट भरा आणि नवा कोंब येईपर्यंत वरून झाकून ठेवा.

प्रश्न : आमच्या गच्चीतून समुद्र दिसायचा. आता शेजाऱ्यांच्या झाडांनी अडवला. वीस वर्षांच्या हक्काने झाडं कापून घेता येतील का?

वीस वर्षांचा हक्क उजेड आणि हवेचा आहे, देखाव्याचा नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात इमारतीच्या खिडक्यांना वीस वर्षं अखंड, निर्वेध मिळालेल्या उजेड-हवेचा हक्क निर्माण होतो; मोकळ्या जागेसाठी तो होत नाही. तुमच्या खोलीत राहणं अवघड व्हावं इतका अंधार झाला असेल तर बोलता येईल. समुद्र दिसत नाही, हा मुद्दा न्यायालयात टिकणार नाही.

म्हणून सामोपचारच बरा. शेजारी तयार असतील आणि परवानगी असेल, तर खालच्या फांद्या उचलून घ्या, झाडाच्या एकूण उंचीच्या एक तृतीयांशापर्यंत. अनेकदा तेवढ्याने पाणी दिसू लागतं. किनाऱ्यावरचं सुरूचं बन किंवा खाजणातलं कांदळवन मात्र सोसायटीच्या मर्जीचा विषयच नाही. कांदळवन तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बंदी घातली आहे.

प्रश्न : शेजाऱ्यांचा आंबा आमच्या पोर्चवर पडला. खर्च कोणाचा?

झाड निरोगी होतं आणि वादळाने पडलं, तर शेजाऱ्यांना जबाबदार धरणं अवघड. ते पोकळ आहे असं तुम्ही आधी लेखी कळवलं होतं आणि तरी त्यांनी काही केलं नाही, तर निष्काळजीपणाचा दावा उभा राहतो. तोंडी सांगण्याला इथे किंमत नाही. पडायच्या बेतात असलेल्या झाडाबद्दल कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १५२).

विमा असेल तर झाड हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा, पंचनामा करून घ्या. 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत वादळ आणि झाड पडून झालेलं नुकसान दोन्ही येतं. मलबा हटवण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो. करवत लावण्याआधी महावितरणकडून वीज बंद झाल्याची खात्री करा (तक्रारीसाठी १९१२). उपटलेल्या झाडाचं खोड कापलं की मुळांचा गड्डा झपकन मागे खड्ड्यात बसतो, त्यामुळे खड्ड्याच्या बाजूला माणूस उभा करू नका.

प्रश्न : पडली नाहीत, पण वादळानंतर सगळी पानं करपली आहेत. झाडं मेली का?

बहुतेक वेळा ही खाऱ्या वाऱ्याची होरपळ असते. वादळानंतर एक-दोन दिवसांत गोड्या पाण्याने पानं आणि आळं धुतलं तर नुकसान कमी होतं. करपलेल्या फांद्या लगेच छाटू नका. नखाने साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर दीड-दोन महिने थांबा. पालवी जिथून फुटेल, त्याच्या पुढचं तेवढं कापा.