लाकडी गिअरचं शिल्प अडतंय, जास्त ताकदीची मोटर लावू का?

नका लावू. तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: लातूरच्या घरात हॉलच्या भिंतीसाठी तुम्ही १२ मिमी प्लायचे सात गिअर कापलेत. बोटाने फिरवले की ते दोन ठिकाणी अडतात. भंगारातून जीपच्या वायपरची मोटर मिळालीय, ती लावली की अडणं निघून जाईल असं तुम्हाला वाटतंय. अडणं नाही निघणार, दात निघतील.

मी वाळूजला ओतकामाचे लाकडी पॅटर्न (साच्यासाठीचे नमुने) बनवतो आणि सुट्टीच्या दिवशी असली चाकं. माझा साधा नियम आहे: जे बोटाने फिरत नाही त्याला मोटर दाखवायची नाही.

आधी अडतंय कुठे ते पकडा. पेन्सिलने प्रत्येक गिअरच्या एका दातावर खूण करा आणि सावकाश फिरवा. प्रत्येक दाताला खरखर लागत असेल तर त्या दोन गिअरमधलं अंतर कमी पडलंय. एखाद्या गिअरच्या दर फेरीला एकदाच अडत असेल तर त्या गिअरचं भोक मध्यावर नाही, किंवा तो वाकलाय. कधी कधी बऱ्याच फेऱ्या सुरळीत जातात आणि मग अचानक अडतं. तिथे दोन्ही गिअरचे जाड दात एकमेकांसमोर आलेले असतात. १२ आणि ४० दातांची जोडी असेल तर तेच दोन दात लहान गिअरच्या १० फेऱ्यांनी पुन्हा भेटतात. खुणा असल्या की हे लगेच दिसतं आणि नेमका कोणता दात घासायचा ते कळतं. सगळे दात सरसकट पॉलिश पेपरने घासत बसलात तर चांगलेही बिघडतील.

अंतराचा हिशोब असा: दोन्ही गिअरच्या दातांची बेरीज, गुणिले मोड्यूल (दाताच्या आकाराचं मिमीतलं माप), भागिले दोन. मोड्यूल ६ धरला तर १२ आणि ४० च्या जोडीला १५६ मिमी. हा कागदावरचा आकडा. लाकडात त्यात अर्धा मिलिमीटर हवा सोडावीच लागते. मी पट्टीने मोजून सगळी भोकं एकदम पाडत नाही. पहिला गिअर बसवतो, दुसरा त्याला भिडवतो, दातांमध्ये लग्नपत्रिकेचा जाड कागद घालतो आणि मग दुसऱ्याच्या भोकाची खूण करतो. लातूरला देव्हाऱ्याच्या जाळ्या सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) कापून देणारे मिळतील, त्यांना फाइल दिली की दात एकसारखे येतात. फाइल बनवताना प्रेशर अँगल, म्हणजे दाताच्या बाजूचा तिरकेपणा, २० ऐवजी २५ अंश ठेवा. २० अंशाला १७ पेक्षा कमी दात ठेवले की दाताचा बुडखा आतून खाल्ला जातो आणि लाकडी दात तिथेच तुटतो. २५ ला १२ दात आरामात चालतात.

लाकूड. किनवटचं सागवान कितीही देखणं असलं तरी अखंड फळीतून गिअर कापू नका. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड वाळून आकसतं आणि पावसाळ्यात फुगतं, पण फक्त लाकडाच्या रेषांना आडवं. रेषांच्या लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. २४० मिमीच्या चाकात आडवा एक टक्का धरला तरी सव्वादोन मिमीच्या वर जातो, म्हणजे चाक लंबगोल. शिवाय जिथे रेषा दाताला आडव्या जातात तिथले दात टिचतात. बैलगाडीच्या चाकाचे पुठ्ठे, म्हणजे कडेचे वळणदार लाकडी तुकडे, सुतार रेषा परिघाच्या बाजूने ठेवून जोडतो, ते धावेसाठी (वरच्या लोखंडी पट्टीसाठी) बरोबर आहे. दाताला मात्र रेषा मध्यापासून बाहेर जाणारी लागते. म्हणून प्लायच बरा, आणि तोही आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन. स्वस्त प्लायमध्ये थरांत पोकळ्या असतात आणि पोकळी नेमकी दातात येते. पॉलिश दोन्ही बाजूंनी सारखं द्या, नाहीतर चाक पापडासारखं वळतं. दातांना तेल-ग्रीस लावायचं नाही, धूळ चिकटते. मेणबत्ती घासा, पुरे. आसाला ६०८ नंबरचं बेअरिंग घ्या: आतून ८, बाहेरून २२ मिमी. त्यातलं ग्रीस धुऊन काढलं तर आणखी हलकं फिरतं.

आता मोटर. लहान, वेगाने फिरणाऱ्या गिअरला मोटर जोडा आणि पुढे वेग कमी होऊ द्या. १० आरपीएमची (मिनिटाला १० फेऱ्यांची) मोटर १२ दातांच्या गिअरला लावली की ४० दातांचा ३ आरपीएमने फिरतो. भिंतीवर मोठं चाक एवढंच सावकाश छान दिसतं; त्याहून फार वेगात पंखा वाटायला लागतो. उलट बाजूने, मोठ्या चाकाला मोटर जोडली तर पुढच्या प्रत्येक जोडीचं घर्षण वाढत वाढत मोटरवर येतं.

ताकद किती हवी ते मोजता येतं. त्या लहान गिअरच्या आसावर २ सेंमी त्रिज्येचं रीळ बसवा, दोरा गुंडाळा आणि दोऱ्याला नट-बोल्ट लटकवत जा. ५०० ग्रॅमला चाकं हलली तर १ किलो-सेंमी. मोटर विकणारे याच एककात ताकद लिहितात. तिप्पट घ्या, म्हणजे ३ किलो-सेंमीची १२ व्होल्ट गिअर मोटर आणि अडॅप्टर. तुमच्या वायपर मोटरची ताकद याच्या कितीतरी पट, आवाजही तसाच. ती फाटक हलवायला ठेवा. जुन्या मायक्रोवेव्हच्या ताटाखालची मोटर शांत असते, पण ती सुरू होताना कोणत्याही दिशेने फिरू शकते, आणि बऱ्याचशा २३० व्होल्टच्या असतात. उघड्या शिल्पात मी ती वापरत नाही.

मोटरखाली सायकल ट्यूबचा तुकडा घाला, नाहीतर प्लायची पाटी आवाज वाढवते. आणि मोटरचा आस गिअरला घट्ट पक्का करू नका. मध्ये चामड्याची चकती, वर स्प्रिंग आणि नट. नट इतकाच आवळा की बोटाने धरल्यावर गिअर थांबला पाहिजे आणि मोटरचा आस आत घसरत फिरत राहिला पाहिजे. घरात लहान लेकरं असतील तर ही गोष्ट सगळ्यात आधी करा. त्यांचा हात तिथे जाणारच.