खालच्या दुकानातल्या पीसीवरच्या फाइली वरच्या लॅपटॉपवर कशा उघडायच्या? (सांगली)

गणपती पेठेत खाली दुकान, वर घर, राउटर एकच आणि दोन्हीकडे विंडोज, मग पेनड्राइव्ह घेऊन जिना चढायची गरज नाही. इंटरनेट बंद पडलं तरी राउटर चालू असला की काम होतं.

आधी दोन्ही मशीनवर नेटवर्क 'प्रायव्हेट' करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मग नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा. दुकानातल्या पीसीवर हव्या त्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग. अख्खा डी ड्राइव्ह मात्र उघडा टाकू नका.

खरं घोडं अडतं ते पासवर्डला. फोल्डर उघडताना लॅपटॉप दुकानातल्या पीसीचा यूजर आणि पासवर्ड विचारतो, तिथे पिन चालत नाही. दुकानातल्या पीसीवर वेगळा लोकल यूजर बनवा, त्याला पासवर्ड द्या आणि फोल्डरची परवानगी फक्त त्यालाच ठेवा. व्हिडिओवाले 'पासवर्ड प्रोटेक्शन बंद करा' सांगतात, पण विंडोज ११ प्रो बिनपासवर्डाचं गेस्ट कनेक्शन नाकारतं, आणि ते बरंच आहे. एसएमबी १, म्हणजे फाइल शेअरिंगची जुनी पद्धत, तर अजिबात चालू करू नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस त्यातल्याच त्रुटीतून पसरला होता.

आता लॅपटॉपवर फाइल एक्स्प्लोररच्या ॲड्रेस बारमध्ये दोन बॅकस्लॅश आणि पुढे पीसीचं नाव टाका. नावाने नाही उघडलं तर त्याचा आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) टाका. तरीही नाही? लॅपटॉप राउटरच्या गेस्ट वायफायवर असेल, किंवा खालचा पीसी झोपला असेल. त्याचा स्लीप बंद करा.

होमग्रुप ही विंडोजची घरातल्या शेअरिंगची जुनी सोय शोधत बसू नका, तो २०१८ मध्येच विंडोज १० मधून काढला.