डोक्यातली गर्दी, सराफ्याच्या गच्चीवरून

मेंदूची रंगीत चित्रं आणि मन या विषयावर प्रश्नांचा ढीग साचलाय. त्यातले चार घेतो.

मुलाला घबराटीचे झटके येतात. एमआरआय काढला, रिपोर्ट नॉर्मल. घरचे म्हणतात, मग हे नाटकच. (एक वडील, लोकमान्यनगर)

नाटक नाही. तुम्ही काढलात तो एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. गाठ, रक्तस्राव, सूज यातलं काही नाही एवढंच तो सांगतोय, आणि ही चांगलीच बातमी आहे. घबराटीचं निदान स्कॅनवर होत नाही. संशोधनातली चित्रं बहुधा कित्येक जणांची सरासरी असतात, एकट्या माणसाचा दाखला नव्हे. मुलाशी नीट बोलूनच निदान होईल. तोवर 'नाटक' हा शब्द घरातून काढा. त्यानं धास्ती वाढते आणि धास्तीनं झटके.

मशीनला भावना दिसते तरी कशी? (मानसशास्त्राची विद्यार्थिनी, रामबाग)

भावना नाही दिसत, रक्त दिसतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, ऊर्जेचा खर्च मात्र 20 टक्के. जिथल्या पेशी कामाला लागतात तिथे प्राणवायूनं भरलेलं रक्त धावतं, गरजेपेक्षा जास्तच. प्राणवायू सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात किंचित ढवळाढवळ करतं, भरलेलं करत नाही. हा फरक टिपता येतो, हे सेइजी ओगावा यांनी 1990 मध्ये दाखवलं. फंक्शनल एमआरआय, म्हणजे काम करत असलेल्या मेंदूची चित्रं काढणारं तंत्र, त्यावरच उभा आहे. पण रक्ताची ही लाट शिगेला पोचायला 5-6 सेकंद लागतात. तोवर विचार कुठच्या कुठे!

रात्री 11 वाजता इंदूरच्या सराफ्यातल्या, म्हणजे सोन्याची दुकानं मिटल्यावर खाऊगल्ली होणाऱ्या बाजारातल्या, एखाद्या गच्चीवर उभी राहा. कुठल्या ठेल्यापुढे घोळका आहे ते कळेल. लोक भुट्ट्याचं कीस खातायत की गराडू (तळलेला कंद), भूक लागली म्हणून की पुण्याच्या पाहुण्यांना मिरवायला आणलंय म्हणून, ते वरून कळायचं नाही. 'अमिग्डला (मेंदूतला भावनांशी जोडलेला एक छोटा भाग) उजळला म्हणजे माणूस घाबरला' असं छापून येतं तेव्हा हीच चूक होते. अमिग्डला अनोळखी चेहऱ्यानं जागा होतो, आनंदाच्या गोष्टीनंही होतो.

शिवाय चित्रात मेंदूचे हजारो बारीक ठोकळे पाडलेले असतात; ते सगळे एकदम तपासले की योगायोगानं काही उजळतातच. 2009 मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी चक्क मेलेला सामन मासा मशीनमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि या माणसांना काय वाटत असेल, असं विचारलं. आकडेमोडीत योगायोगाची वजावट केली नाही, तर माशाच्याही डोक्यात ठिपके उजळत होते. या कामाला 2012 मध्ये इग्नोबेल, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. तुझ्या प्राध्यापकांना जरूर सांग.

या मशीनमध्ये किरणोत्सर्ग असतो का? (तिलकनगर)

एमआरआयमध्ये नाही, तिथे चुंबक आणि रेडिओलहरी. पेट स्कॅनमध्ये थोडं किरणोत्सारी द्रव्य टोचतात. पेसमेकर असेल तर एमआरआयच्या आधी सांगा.

नवरा गॅसचं बटण दहादा तपासतो, पलासियापर्यंत पोचून स्कूटर मागे वळवतो. थेरपी घ्या म्हणतात. नुसत्या बोलण्यानं मेंदू बदलतो? (सुदामानगर)

नुसतं बोलणं नसतंच ते. मंत्रचळावरच्या (पुन्हापुन्हा तपासायला लावणारा आजार, ओसीडी) वर्तनोपचारात त्यांना बटण एकदाच बंद करून, मागे न वळता निघायला शिकवतील. पहिल्या दिवशी फाटकापाशीच घाम फुटेल. ही घालमेल चढते आणि न तपासताही उतरते, हे अंगाला कळावं लागतं. समजावून कळत नाही.

आता मेंदूचं. 1992 मध्ये लॉस एंजेलिसला लुइस बॅक्स्टर यांच्या गटानं अशा रुग्णांचे उपचारांआधी आणि नंतर पेट स्कॅन काढले; मेंदूचा कुठला भाग किती साखर खर्च करतो ते त्यात दिसतं. काहींना फ्लुओक्सेटिनची गोळी, काहींना फक्त वर्तनोपचार. ज्यांना गुण आला त्यांच्या मेंदूतल्या उजव्या 'कॉडेट' भागाचा साखरेचा खप दोन्ही गटांत उतरला होता. रुग्ण मोजकेच होते, त्यामुळे फार ताणू नये. पण बोलण्याला 'वरवरचं' म्हणणाऱ्यांना मी हे ऐकवतो.

तुमच्यासाठीही एक काम आहे, जरा जड जाईल. ऑफिसातून त्यांचा फोन येत असेल आणि तुम्ही 'हो हो, बंद आहे, आत्ताच बघितला' म्हणत असाल. ती दहा तपासण्यांतली अकरावी. थेरपिस्टशी ठरवून, त्यांनाही आधी सांगून, हे उत्तर हळूहळू बंद करा.