धाब्यावरची विसारपावती

प्रश्न : ओळखीच्या गृहस्थांशी धाब्यावर वीस गुंठे जमिनीचा सौदा ठरला. दोघांनीही घेतलेली होती. तिथेच विसारपावतीवर सही केली, २१,००० रुपये मोबाइलवर जमा झाले. आता जमीन विकायची नाही. पिऊन केलेला करार रद्दच असतो ना? (एक वाचक, जि. सातारा)

उत्तर : नाही, नुसत्या 'घेतली होती' एवढ्यावर सुटका होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२ मध्ये दारूचा उल्लेख आहे, पण अट कडक आहे : कराराच्या अटी समजू नयेत किंवा त्यात आपलं हित-अहित काय हे ठरवता येऊ नये, इतकी नशा हवी. तसं असेल तर तो करार मुळातच निरर्थक. पण हे सिद्ध करायचं तुम्हाला. जीभ सैल झाली होती, उत्साहाच्या भरात हो म्हटलं, हे कोर्टात चालत नाही.

पावती पुन्हा नीट वाचा. गट नंबर, चतुःसीमा, दर आणि बाकी रक्कम देण्याची मुदत हे सगळं तुमच्याच हातचं आणि बिनचूक असेल, तर बाजू अवघड आहे. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या न्यायालयाने १९५४ मध्ये असाच निकाल दिला होता. पिता पिता हॉटेलच्या बिलामागे लिहिलेला ५०,००० डॉलरचा शेतीसौदा 'आम्ही थट्टा करत होतो' म्हणून मोडू दिला नाही, कारण मसुद्यावर चर्चा झाली होती आणि तो सुधारून पुन्हा लिहिला होता.

नशा खरोखर तेवढी असेल तर दिवस घालवू नका. विसार ज्या खात्यातून आला त्याच खात्यात परत पाठवा. करार निरर्थक ठरला तरी कलम ६५ नुसार घेतलेला पैसा परत करावाच लागतो, आणि तो वापरून टाकलात तर सौदा मान्य होता असा अर्थ निघतो. वकिलामार्फत पोच मिळेल अशा टपालाने नोटीस द्या. धाब्याचं बिल जपून ठेवा आणि कॅमेऱ्याचं चित्रण लगेच मागा, जुनं आपोआप पुसलं जातं. 'कागदपत्रं कधी करायची?' असा मेसेज आला तर 'पुढच्या आठवड्यात बघू' हे उत्तर सर्वांत घातक.

विसारपावतीने मालकी जात नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखत लागतं. मात्र समोरचा ते करून मिळण्याचा दावा लावू शकतो. मुदत साधारण तीन वर्षं. सातबाऱ्यावर बहिणींचीही नावं असतील, तर तुमच्या एकट्याच्या सहीने त्यांचा हिस्सा बांधला जात नाही.

प्रश्न : पार्टीत क्रिकेटच्या सामन्यावर मोटारसायकलची पैज हरलो. द्यावीच लागेल का?

उत्तर : नाही. कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक, मग शुद्धीत लावलेली असो वा नशेत.