शॉक बदलण्याआधी सॅग मोजा

तुम्ही लिहिलंय की डबलसीट आणि तिन्ही बॉक्स भरले की गाडी मागून बसते, गतिरोधकावर आपटते आणि वळणात बाहेर पळते. प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ती सेटिंग) शेवटपर्यंत पिळून झालाय, आता मागे कोणता शॉक अ‍ॅब्सॉर्बर घ्यावा?

शॉकचं नंतर. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, हे आधी डोक्यात बसू द्या. ती दर मिलिमीटर दबायला जेवढं बळ मागते तेवढंच मागत राहते. फक्त गाडी वर उचलली जाते.

सॅग म्हणजे वजनाखाली गाडी किती बसते ते. मोजायला एक टेप आणि एक मदतनीस पुरे. मागच्या आसापासून सरळ वर, सीटखालच्या एका पक्क्या खुणेपर्यंत तीन मापं घ्या: चाक अधांतरी असताना, गाडी नुसती स्वतःच्या वजनावर उभी असताना, आणि प्रवासाच्या पूर्ण भारासह. पहिल्यातून तिसरं वजा केलं की भाराचा सॅग. चाकाची एकूण हालचाल १२० मिमी असेल तर तो ३५ ते ४० मिमीच्या आसपास हवा. प्रीलोडने तो तिथे आणा आणि मग दुसरं माप पुन्हा घेऊन पहिल्यातून वजा करा. इथे भलेभले फसतात. गाडी स्वतःच्या वजनाने जेमतेम दोन-चार मिमी बसत असेल तर ती कडक वाटते, पण खरं तर स्प्रिंग मऊ आहे. प्रीलोडने तिला नुसतं दाबून धरलंय. तुमचं बहुधा हेच निघेल.

नुसती कडक स्प्रिंग घालून भागेल का? शॉक नवा असेल तर कदाचित. पण कडक स्प्रिंग परत उसळतेही जोराने, तिला आवरायला रिबाउंड डॅम्पिंग (उसळताना शॉकमधल्या तेलाने होणारा रोध) वाढवावं लागतं, आणि कंपनीच्या बऱ्याच शॉकमध्ये तेवढी सोय नसते. काही तर खोलताही येत नाहीत. अशा वेळी वजन सांगून स्प्रिंग निवडता येईल आणि पुढे खोलून तेल बदलता येईल असा शॉक घ्या. रिबाउंड मात्र जपून वाढवा. फार झालं तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक खाली यायला वेळच मिळत नाही, शॉक दबलेलाच राहतो.

पुढचा फोर्क विसरू नका. मी एकदा मागे भारी शॉक लावला, पुढे फक्त जाड तेल ओतलं. ब्रेक मारल्यावर नाक तरीही खाली जायचं, वर बारीक खड्डा थेट मनगटात. साध्या डॅम्पर रॉड फोर्कमध्ये तेल ठरावीक भोकांतूनच जातं, त्यामुळे झटका जितका तीव्र तितका फोर्क आखडतो. जाड तेल ते आणखी वाढवतं. शेवटी वजनाला साजेशा स्प्रिंगा आणि इम्युलेटर व्हॉल्व्ह (तीव्र झटक्याला तेलाला जास्त वाट देणारे) घातले तेव्हा जीव भांड्यात पडला.

मागची उंची बदलली की चेनचा ढील आणि हेडलाइटचा झोत पुन्हा तपासा.

तिन्ही मापं, दोघांचं आणि सामानाचं वजन, गाडी किती किलोमीटर झाली एवढं टाका. स्प्रिंग किती कडक हवी ते काढू.